झेप घेते

सात वाजता पडदा सरकला. प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीत काचेची एक छोटी खोली होती. तिथे निवेदिकेनं माईक जवळ ओढला. रंगमंचावर जे दिसतं ते अंध प्रेक्षकांच्या कानात सांगायचं, हे तिचं काम. आज हेडफोन लावून बसलेले मोजकेच होते, पण तिची नजर राहून राहून तिसऱ्या रांगेतल्या एकाच टकलाकडे जात होती.

हे काका खेळाच्या आधी काठी टेकत थेट तिच्या दाराशी आले होते.

"ताई, मधोमध नाचते ती माझी मुलगी. मी आलोय हे तिला माहीत नाही. मला नुसतं 'नाचते' म्हणून सांगू नका. काय करते ते सांगा."

"तेच सांगते, काका. फक्त एक कान मोकळा ठेवा. मंचावरचा आवाजही ऐकू यायला हवा."

"गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा दुखावला तर साधं चालणंही अवघड. ती म्हणते ठणठणीत आहे. तिची आईही तिचीच री ओढते. डोळे गेल्यापासून सगळे मला गोड बोलून नाचवतात हो. तुम्ही परक्या. तुम्ही कशाला खोटं बोलाल?"

तेव्हा ती हसली होती. आता तिला खुर्चीत धड बसवत नव्हतं.

"मॅडम, खुर्ची कुरकुरतेय, तेसुद्धा जातं कानात," शेजारचा साउंडवाला पुटपुटला. "नाचायचंय त्यांना, तुम्हाला नाही."

ती खुर्चीच्या कडेला सरकली. "मुलगी डावीकडून येते. थबकते. टाचेवर वळते. हात पसरते."

सगळी क्रियापदं तिनं तालमी पाहून ठरवली होती. डुलते, लचकते, मुरडते, गिरकी घेते. शब्द आणि हालचाल एकदम पोचायला हवी, म्हणून ती शब्द किंचित आधी उच्चारायची. इतक्या वर्षांत ते अंगवळणीच पडलं होतं.

गिरकी संपली. मुलगी धावत पुढे आली.

"झेप घेते," निवेदिका म्हणाली.

मुलीनं झेप घेतली नाही. ऐन वेळी सोबतच्या नर्तकाच्या खांद्यावर तिनं हात टेकला, उजवा पाय अलगद पुढे ठेवला आणि हसत पुढे सरकली. सगळं इतकं सफाईनं, की पुढच्या रांगांतून टाळ्या आल्या.

चूक झाली की त्याच श्वासात दुरुस्त करायची, हा निवेदिकेचाच नियम. नव्यानं शिकायला येणाऱ्यांना ती तो दरडावून सांगायची. 'झेप घेत नाही, पाऊल टाकते.' एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं. दिव्याखाली मुलगी अजून हसत होती, आणि तिचा हात मांडीवर गच्च दाबलेला होता.

"वळते," निवेदिका म्हणाली.

तालमीत त्या झेपेनंतर लाकडी मंच धप्पकन वाजायचा. आज वाजला नव्हता. तिसऱ्या रांगेतलं टक्कल हळूहळू मागे वळलं, काचेच्या खोलीच्या दिशेनं. थोडा वेळ तसंच राहिलं. मग पुन्हा पुढे झालं.

त्यानंतर तिनं एकही शब्द चुकवला नाही. साउंडवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिनं हातानंच मागे सारला.

पडदा पडला. दिवे लागले. लोक बोलत बोलत दारांकडे निघाले. काका जागचे हलले नाहीत. हेडफोनही काढला नाही. साउंडवाल्याचा हात बटणाकडे गेला.

"राहू दे," ती म्हणाली.

"संपलं की मॅडम."

"राहू दे म्हटलं ना."

मंचाच्या बाजूच्या पायऱ्यांवरून मुलगी खाली येत होती. ओठ घट्ट मिटलेले. खाली मान.

निवेदिका माईकवर वाकली. "काका, ती उतरतेय."

काकांनी मान वळवली नाही. 'सांगा' अशा खुणेनं नुसतं एक बोट वर केलं.

"कठडा धरलाय," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवतेय. थांबतेय. परत..."

तेवढ्यात मुलीला तिसऱ्या रांगेतले बाबा दिसले. तिनं कठडा सोडला. ताठ उभी राहिली, हसली, आणि उजवा पाय उचलला.

काकांचं बोट अजून वरच होतं. खाली तीन पायऱ्या उरल्या होत्या.