जावेच्या डब्यातली पूड

धाकटी जाऊ वृंदा पुन्हा सैल झालेल्या ब्लाउजला आतून टीप घालायला बसली, तशी प्रमिलाच्या अंगाची लाही लाही झाली. जेवण एकाच चुलीवरचं. पण ही शेलाटी होत चाललेली आणि आपले दंड बाहीत मावेनात!

वृंदा रोज दुधातून कसल्याशा मुळीची पूड घेई. तिचीच ही किमया, प्रमिलानं ताडलं. पण विचारलं, तर आपण जळतो हे तिला कळणार. मग तिनं त्याच डब्यातली पूड चोरून खायला सुरुवात केली, तीही वृंदाच्या दुप्पट.

एके सकाळी प्रमिलाच्या ब्लाउजची काखेतली शिवण टरकन उसवली. चिमूटभर पूड कागदात बांधून ती तडक जडीबुटीच्या दुकानात भांडायला गेली. “माझ्या जावेला हिचा गुण येतो, मग मला का नाही?”

दुकानदारानं पूड हुंगली. “तुम्हालाच आलाय की, बाई. ही अश्वगंधा. अंगावर मांस चढावं म्हणून देतात.”

घरी वृंदा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती. “ताई, वजन उतरायचं थांबतच नाही हो. डॉक्टरांची औषधं करून झाली, आता ही पूडही संपली. अंगाला काही लागतच नाही.”

प्रमिलानं पदर ओढून उसवलेली शिवण झाकली.