शेपटीवरच्या तीन खाचा

"थांबव, थांबव! हा कुठला प्राणी आला?" सर म्हणाले आणि हातातला घास तसाच धरून पडद्याकडे सरकले.

जेवणाची सुट्टी होती. वाळूत मेलेला मासा ठेवला तर त्याला आधी कोण गाठतं, कावळा, कुत्रा की खेकडा, एवढंच पाहायचं सरांच्या अभ्यासगटाचं काम. पहाटे किनाऱ्यावर मासा ठेवून यायचं आणि नोंदवही सांभाळायची, हे गटातल्या एका मुलीकडे होतं; ती त्याच किनाऱ्याजवळ मावशीकडे राहायची. शेजारच्या खांबावर कॅमेरा. आज पहाटेचं चित्रण डबे खाता खाता बघायचं ठरलं होतं. तिनं तर अजून आपला डबा उघडलाही नव्हता.

पडद्यावर एक बाई पाठमोरी वाकली होती. तिनं दोन कावळ्यांना हुसकावलं, मासा पिशवीत टाकला आणि चालती झाली. चेहरा काही दिसला नाही. दिसला तो कोपराला ठिगळ लावलेला पिवळा स्वेटर. तो या मुलीचाच जुना होता, कॉलेजातला. हल्ली मावशी घालायची.

"कावळ्याच्या तोंडचा घास पळवला की बाईनं!" शेजारचा जाड्या म्हणाला. सगळे खो खो हसले. तीही हसली.

"हसताय काय? महिन्याची मेहनत पाण्यात जाईल." सर चिडले होते. "हिचा फोटो छापून किनाऱ्यावर लावा. माणसाला जनाची नाही, निदान मनाची तरी असावी! तू तिकडेच राहतेस ना गं? ओळखतेस हिला?"

"नाही, सर."

इतक्या पटकन तोंडातून गेलं की तिची तिलाच लाज वाटली. परवा तीच ताटावर कुरकुरली होती, "कावळ्या-कुत्र्यांना मी रोज ताजा मासा वाढते, आणि माझ्या ताटात आठ दिवस भोपळा!" मावशी रागावली नव्हती. "कुठे ठेवतेस गं?" एवढंच तिनं विचारलं होतं.

तिनं डबा उघडला. खमंग वास सुटला. अख्खा मासा, कुरकुरीत तळलेला, शेपटीसकट. कुणी लांब ओढून नेला तरी ओळखू यावा म्हणून प्रत्येक माशाच्या शेपटीला कात्रीनं खाचा पाडलेल्या असत. मावशीला ते कुठून ठाऊक असणार! तीन खाचा होत्या. पहाटे तिनंच पाडलेल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वा, आज चंगळ दिसते! एक तुकडा इकडे," म्हणत जाड्यानं मान पुढे काढली.

तिनं शेपूट मोडली आणि तोंडात कोंबली.

"अगं, शेपूट कुणी खातं का? काटा लागेल!"

"लागू दे," ती म्हणाली आणि चावत राहिली. पडद्यावर उशिरा पोचलेला एक कुत्रा रिकामी वाळू हुंगत होता.