सात, सम

"मी तुमाले चूक तं नाई सांगतलं, सुमीतभाऊ?" चिंधूकाकांनी दारातूनच विचारलं.

सुमीतनं मान वर केली नाही. हातात पक्कड होती, ती त्यानं टेबलाखाली नेली.

धरणाच्या भिंतीवरची ती दहा बाय दहाची खोली. सुमीतनं सेटिंग केलेली, लिनक्सवर चालणारी एक नवी पेटी, तिच्यापासून पाणी मोजायच्या यंत्रापर्यंत गेलेली सिरियल वायर, आणि छतावर भोंगा. पाणी सात मीटरला पोचलं की भोंगा वाजणार, आणि भोंगा वाजला की खालच्या रपट्यावर, नदीतल्या त्या बुटक्या पुलावर, कोणी पाय ठेवायचा नाही, ही गावाची जुनी रीत. काल पाणी सातच्या वर गेलं. भोंगा वाजला नाही. निंदणाला निघालेल्या सीताबाई रपट्यावर उतरल्या. आज सकाळचे नऊ झाले तरी त्या सापडल्या नव्हत्या.

सीताबाई चिंधूकाकांची बायको. आणि चिंधूकाकांची सारी नोकरी याच खोलीत झाली होती, आधी भोंगा हातानं वाजवण्यात, मग यंत्र राखण्यात.

"बसा, काका."

"बसाले नाई आलो. राती डोया लागला नाई. तुमी फोनवर सेटिंग इचारली होती तवा मी अल्लीपूरले बाजारात होतो. गडबडीत काई भलतंच तं बोलून नाई गेलो? माह्याच जिभेनं गेली का ते?"

आता बघा, चूक कुठं झाली ते सापडायच्या आधीच ती कुणाच्या माथी मारायची हे ठरलेलं होतं. कंत्राटदार प्रभाकररावांचा फोन येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. "अकराला साहेब लोक येतात. तोवर पेटी नीट कर. पण आधी भोंग्याची वायर काप. पाणी अजून सातच्या वर आहे. नीट होताच बोंबलेल, अन् काल वाजायला हवा होता हे साऱ्या गावाला कळेल. आणि लिहून ठेव, जुन्या माणसानं सेटिंग चुकीची सांगितली." सुमीत "हो सर" म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार? घरात त्याचा एकट्याचा पगार.

पडद्यावर कालची नोंद होती. ६.९५. त्याच्याखाली .०३. मग .०५. मग .५. सात मीटर पाण्यातला सात कुठं गेला, हेच त्याला कळत नव्हतं.

"तुम्ही काय सांगितलं होतं, काका? पुन्हा सांगा."

"कागद पेटीच्या झाकनाले चिकटवला होता मी. नवी बसवताना तुमच्या मानसानं फेकला. पन पाठ हाये मले. स्पीड शहान्नवशे. बिट सात. तुमी म्हनले, पॅरिटी काय ठेवू? मी म्हनलो, सम."

"सेम."

"सेम नाई, सम. सम-विषम नसते का शाळेत? दोन, चार, सहा. सम."

सुमीतला तो फोन आठवला. फोनवर बाजाराचा गलका होता. आधीचा सात त्याला ऐकूच आला नव्हता, आणि सम त्यानं सेम ऐकला. सेम म्हणजे आहे तसंच राहू दे. पेटीत आपोआप असतं ते, आठ बिट, पॅरिटी नाही, तसंच त्यानं राहू दिलं होतं. यंत्र प्रत्येक आकड्याच्या सात बिटांमागं तपासणीचा आठवा बिट जोडतं, तीच पॅरिटी, आणि पेटी तो आकड्यातच धरून वाचत होती. असं वाचलं की सगळे आकडे बिघडत नाहीत, हीच तर मेख. शून्य, तीन, पाच, सहा, नऊ सरळ येतात. सातसकट बाकीचे कचरा होऊन येतात, आणि कचरा दिसला की गाळून टाक, ही ओळ सुमीतनंच लिहिली होती. तपासणीच्या दिवशी पाणी होतं ३.६५, सगळे सरळ येणारेच आकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"सापडलं का काई?" चिंधूकाका म्हणाले. "चुकलो ना मी? सांगून टाका. मी कोनावर राग नाई धरत."

एक शब्द बोलायचा होता, हो. म्हातारा तो मानून घेणार होता. मानायलाच तर आला होता, आणि उरलेला जन्म त्याच एका शब्दाखाली काढणार होता. सुमीतला स्वतःची शिसारी आली.

"तुम्ही बरोबर सांगितलं, काका. मी चुकीचं ऐकलं."

चिंधूकाकांनी डोक्याचा दुपट्टा काढून हातात धरला.

सुमीतनं पक्कड टेबलावर ठेवली. भोंग्याची वायर तशीच राहू दिली. आठाच्या जागी सात केले, पॅरिटी चालू केली, विषम बंद केलं, म्हणजे सम. ओळ एकदा वाचून पाहिली. मग एंटर दाबला.

पडद्यावर ७.१२ आलं आणि डोक्यावर भोंगा सुटला. खिडकीची तावदानं थरथरली. टेबलावर फोन वाजायला लागला, प्रभाकरराव. सुमीतनं तो उचलला नाही.

चिंधूकाका खिडकीशी गेले. खाली काठाकाठानं बांबू घेऊन सीताबाईंना शोधणारी माणसं भोंगा ऐकताच, जुन्या सवयीनं, पाण्यातून मागं सरत होती.

"पाहा," ते म्हणाले. "सारे थांबले."