मानाची जोडी

सासवडाकडून आलेल्या भिमा माळ्याला महिपतराव पाटलांनी कालव्याकाठचं रान खंडानं दिलं, त्याला बारा वर्षं झाली. भिमानं बाभळी तोडून तिथं ऊस उभा केला. पाटलांनी आपले बैल विकले, दावण मोडली आणि ते चावडीवर बसून गावाची काळजी करू लागले.

१९३४ चा पोळा जवळ आला तशी ती काळजी फारच वाढली.

“कालव्याला पाणी आलं आन पाण्यासंगं ही माणसं वाहून आली,” पाटील म्हणाले. “वेस गावाची हाय. औंदा उपऱ्यांची बैलं तोरणाखालनं जायची न्हाईत.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांची रानं खंडानं गेली होती, त्यांनी जरा जास्तच.

पोळ्याला सकाळी भिमानं बैल धुतले, शिंगं रंगवली, आणि दिवस कलल्यावर वेशीबाहेर, बाकीच्या माळ्यांत रिकाम्या हातानं येऊन उभा राहिला.

ढोल वाजले. रिवाजाप्रमाणे मानाची पहिली जोडी घेऊन खुद्द पाटील आले. तोरणाजवळ येताच बैल थांबले. कासरा ओढून झाला, शेपट्या पिरगाळून झाल्या, पण ते पाय उचलेनात. ढोल गप्प झाले. पाटलांनी मागं वळून माळ्यांच्या घोळक्याकडं पाहिलं.



“भिमा, तुजी बैलं तुज्याबिगर हलंनात. हाक मार एक. तितनंच मार, वेशीत येऊ नगं.”