सरजाबाईची साक्ष

"आता साक्षीची वेळ," पास्टर जीवन म्हणाले, पण आज सरजाबाई जागची उठली नाही.

दर रविवारी उपासनेत कुणीतरी उठायचं आणि आठवडाभरात प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. त्याला साक्ष म्हणत. वाक्यावाक्याला बाकीचे "आमेन" म्हणायचे. पहिली उठायची ती सरजाबाई. तिचं हरवलेलं करडू सापडलं तरी मंडळीला अर्धा तास ऐकावं लागे. आज मात्र पास्टर तिच्याकडे बघतही नव्हते. सकाळीच तिनं बघितलेलं त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी तिला बजावलं होतं, "आत्या, आज गप बसा. गावात आपली अकरा घरं. एकानं चूक केली की लोक येशूला नावं ठेवतेत."

चूक केली होती पंडितनं, तिच्या जावयानं. बुधवारी मानवतहून प्रार्थना करून परतताना त्याच्या टेंपोनं कुणाला तरी उडवलं. "डुक्कर होतं," म्हणत त्यानं गाडी दामटली. मागं बसलेल्यांना ते पटलं. पुढं बसलेल्या सरजाबाईला मात्र गावातल्या भगवानरावांचं धोतर दिसलं होतं. म्हातारा आता परभणीच्या दवाखान्यात मांडीचं हाड मोडून पडला होता. आणि पांढरा टेंपो एवढ्याच खुणेवर पोलिसांनी गावातल्या सिद्धोधनला उचललं होतं. त्याचाही टेंपो पांढराच.

सिद्धोधनची बायको धम्मशीला आत्ता दारात, चपलांपाशी उभी होती. "तुमी लोक खोटं बोलत न्हाईत, समदं गाव म्हनतंय," ती मघाशी पास्टरांना म्हणाली होती. "त्या दिवशी तुमीबी त्याच रस्त्यानं आलात. कुनी काई बघितलं आसंल तर सांगा. माझा मालक तीन दिसांपासून कोठडीत हाय." पास्टरांनी तिला, आम्ही प्रार्थना करू, असं सांगितलं.

सरजाबाईनं समोर बघितलं. पुढ्यात तिची लेक बबिता बसली होती, मांडीवर सहा महिन्यांची पोर घेऊन. पलीकडे पुरुषांत पंडित मान खाली घालून बसला होता. बोललं तर लेकीचा संसार विस्कटणार, अकरा घरांची गावभर छी-थू होणार. शेतावर मजुरीला बोलावतानाही लोक दहादा विचार करतील. तिनं दाराकडं बघितलं. धम्मशीलानं तिला हात जोडले.

सरजाबाई उठली. पास्टरांचा चेहरा पडला.

"बुधवारी आमी मानवतहून यायलो व्हतो."

"आमेन," मंडळी सवयीनं म्हणाली.

"टेंपो आमचे जावई चालवायले व्हते."

"आमेन." आता जरा दबकतच.

"ते डुक्कर नव्हतं. भगवानराव व्हते. म्या बघितलं, अन् चार दिस गप बसले. सिद्धोधनचा काई गुन्हा न्हाई. आता ठान्यात जाऊन हेच सांगते."

या वेळी कुणी आमेन म्हटलं नाही. बबितानं तोंडात पदर कोंबला. पास्टर भिंतीकडं बघत राहिले. संपलं, सरजाबाईला वाटलं, येशूचं नाव आपणच मातीत घातलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आमेन."

धम्मशीलाला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. खरं ऐकलं की असं म्हणायचं असतं, एवढंच तिला कळलं होतं.