समोरचा भिडू

सोंगट्या वाटून झाल्या. ओस्वाल्दोने सातही डाव्या तळहातावर पंख्यासारख्या धरल्या, त्यातली एक अंगठ्याखाली दाबली, आणि समोर बसलेली नेरेइदा आपल्या सोंगट्या लावायची थांबली.

उतुआदो गावच्या चौकात डॉमिनो असं कुणी धरत नाही. सोंगट्या टेबलावर उभ्या करतात. हातात धरायचा एकटा नेफ्ताली, तिचा भाऊ. डबल सहा, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा असलेली सोंगटी, आली की ती अंगठ्याखाली. घरच्या ओट्यावर त्याने ही लकब एकाच माणसाला शिकवली होती.

गाबिनोला.

पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्याची पत्रकं भावाबरोबर वाटणारा. आईकडे राजमा-भात मागून खाणारा. निघाला पोलिसांचा माणूस. एन्कुबिएर्तो. नाव बदलून आत शिरलेला. नेफ्तालीसकट पोरांना डोंगरावर घेऊन गेला आणि खाली एकटाच उतरला.

आता चष्मा, टक्कल. फ्लोरिडाहून परतलेला, नदीकाठी घर बांधलेला ओस्वाल्दो. मरेन तर इथेच, म्हणतो. आज तिचा भिडू; विरुद्ध चागो आणि तोनीन.

ती खेळत राहिली. सहाची एक सोंगटी तेवढी जपून ठेवली.

पास, तोनीन म्हणाला.

तिची पाळी. टेबलावरच्या रांगेच्या एका टोकाला तीन, दुसऱ्या टोकाला सहा. तीन लावायचा, सहा भिडूला सोडायचा. शेंबडं पोरही हेच करेल.

"झोप लागली का गं?" चागोने डिवचलं.

तिने जपलेली सोंगटी सहावर आपटली. सहा बुजला. बाकीचे सगळे सहा आधीच पडून गेलेले. डबल सहा आता कुठेच लागणार नव्हता. सोंगटीला फाशी दिली, म्हणतात याला. विरुद्ध पक्षाच्या सोंगटीला. भिडूच्या कुणी देत नाही.

चागो हसायला लागला. तिचं तोंड बघून थांबला.

"बाई," ओस्वाल्दो हळूच म्हणाला, "आपण एका बाजूचे आहोत."

"नेफ्तालीलाही तसंच वाटलं होतं, गाबिनो."

ते नाव कुणाचं, हे चौकात कुणाला सांगावं लागत नाही. चागोने आपल्या सोंगट्या उताण्या टाकल्या. मग तोनीनने. शेजारच्या टेबलांवरचा खडखडाट थांबला, खुर्च्या वळल्या.

डाव मोडला की हातातलं उघडून दाखवायचं असतं. सगळे वाट बघत होते.

त्याचा अंगठा काही उचलेना.