उपवासाची सवलत

ओहायोतल्या घरात एकादशीला वत्सलाबाईंनी साबुदाण्याच्या खिचडीचा पहिला घास घेतला आणि मनगटावरचा आरोग्यविम्याचा पट्टा चक्क मराठीत बोलला, "उपवास मोडला. सवलत रद्द. हप्ता आजपासून दुप्पट."

सून मृण्मयी हादरली. एवढा हप्ता झेपणार नव्हता आणि पुढच्याच आठवड्यात सासऱ्यांची बायपास होती.

"मोडला कसा? हाच आमचा उपवास!" वत्सलाबाई पट्ट्यावर कडाडल्या. "तक्रार लिहून घे."

"धर्माचा प्रश्न आहे. सिनेटकडे पाठवला. निकाल लागेपर्यंत जुनाच हप्ता."

संध्याकाळी टीव्हीवर दोन्ही पक्ष उपवासाच्या बटाट्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून जात होते.

"आई, आठवड्याच्या आत निकाल लागला तर?"

"इथे विम्याचं भांडण कधी मिटलंय? तोवर हे बायपास करून फिरायलासुद्धा लागतील. वाढ ती उरलेली खिचडी."